वर्षाचे आवडते अंडरग्राउंड ट्रॅक, एका तासाचा मिक्स: २०२४ च्या कामाच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, रविवार

काम असं आहे की यावर्षी वाजवलेल्या अंडरग्राउंड डान्स ट्रॅक्समधले मनापासून आवडलेले ट्रॅक घेऊन एक तासाचा मिक्स (ट्रॅक एकमेकांत मिसळून सलग वाजवलेला सेट) करायचा, डिसेंबर संपायच्या आत. नुसती यादी नाही लिहिणार. दहा नावं आणि पुढे लेबलं (रेकॉर्ड कंपन्या) टाकली की यादी होते, पण ट्रॅक मोठ्या बेसवर काय करतो, दुसऱ्या ट्रॅकच्या शेजारी उभा राहतो का, रात्री दहाला चालतो की बारानंतरच चालतो हे वाजवल्याशिवाय कळत नाही, आणि मला वाटतं ते कळल्याशिवाय कुठल्याही ट्रॅकला वर्षाचा आवडता म्हणू नये. ठाणे-नवी मुंबईत आता माझ्यासारखे डीजेगिरी करणारे बरेच जण झालेत, बहुतेक सगळे घरच्या छोट्या डीजे कंट्रोलरवर शिकलेले, त्यांना उपयोग होईल म्हणून तारखेप्रमाणे लिहून ठेवतेय.

नियम तीन. ट्रॅक २०२४ मध्ये बाहेर आलेला हवा, मी तो यावर्षी लोकांसमोर वाजवलेला हवा, आणि फाइल विकत घेतलेली हवी नाहीतर बनवणाऱ्याने स्वतः दिलेली हवी.

आज फक्त हिस्टरी काढली. क्लबमधला प्लेअर प्रत्येक सेटची हिस्टरी पेनड्राइव्हवर लिहून ठेवतो, बरेच जण ती कधी उघडतच नाहीत. मी वर्षभराच्या सगळ्या हिस्टरी एका प्लेलिस्टमध्ये ओतल्या आणि जास्त वेळा वाजलेले वर आणले. माझ्या डोक्यातली यादी आणि ही यादी अजिबात जुळत नाहीये! उन्हाळ्यात जे ट्रॅक मी दिसेल त्याला पाठवत होते त्यातले निम्मे पावसाळ्यानंतर एकदाही वाजवलेले नाहीत, आणि जॉय ऑर्बिसनचा फ्लाइट एफएम, ज्याबद्दल मी कुणाशी फारसं बोललेही नव्हते, तो जवळपास प्रत्येक सेटमध्ये आहे, कारण अडकलेला सेट तो सोडवतो, आधी काहीही चालू असू दे. बॅगेत टिकलेला ट्रॅक तो खरा, हे मी आजपासून धरून चाललेय.

५ नोव्हेंबर

काटछाट. फोर टेटचा थ्री मार्चमध्ये आला, त्यातला डेड्रीम रिपीट मला प्रचंड आवडतो, जेमी एक्सएक्सचा इन वेव्हज सप्टेंबरमध्ये आला, तोही खूप ऐकला. दोन्ही बाहेर काढले. वाईट आहेत म्हणून नाही, ते सगळ्यांच्या फोनमध्ये आधीच आहेत आणि माझ्या मिक्समुळे त्यांच्यापर्यंत एकही नवीन माणूस पोचणार नाहीये.

मग बरिअलचा ड्रीमफिअर कसा ठेवला असं कुणीतरी विचारणारच. फेब्रुवारीत लंडनच्या एक्सएल लेबलवर आला, एक्सएल काही लहान लेबल नाही, फ्लाइट एफएम पण त्यांचाच. पण ड्रीमफिअर तेरा मिनिटांच्या आसपासचा आहे, मधेच थांबतो, परत वेगळ्याच जागेवरून सुरू होतो, रेडिओवर कोण लावणार तो. अंधाऱ्या खोलीसाठी बनलेलं आहे ते आणि मी तसंच मोजते.

राहिलेल्यांत पक्के असे: व्हेराकोचा गॉडस्पीड, इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या टाइमडान्स लेबलवर आलेला. फ्लोटिंग पॉइंट्सच्या कॅस्केडमधला की१०३. ऑब्जेक्टने यावर्षी कॅप्सेला नावाचं स्वतःचं लेबल काढलं त्यावरचा चिकन गराज. स्की मास्कचा रिसॉर्ट अल्बम आला, म्युनिकच्या इलिअन टेपवर, त्यातला एकच घेणार. डोनातो डोझीच्या माग्दामधला एक, सुरुवातीसाठी. युगांडाच्या न्येगे न्येगे टेप्सवर आलेला डीजे अँडरसन दो पाराइझोचा केरिदाओ, म्हणजे ब्राझीलच्या बेलो होरिझोंतेचं फंक. आणि उरुग्वेच्या लेचुगा साफिरोचा अल्बम, ज्यात प्राणी, दगड, पाणी, धातू यांचे स्वतः रेकॉर्ड केलेले आवाज तोडून त्याचे ड्रम केलेत. हा शेवटचा मीही यावर्षी वाजवला, आणि ठाण्याच्या येऊरच्या जंगलात पाऊस आणि बेडूक ऐकून आलेल्या माणसाला तो वेगळा समजवावा लागत नाही.

याशिवाय दोन आपल्याकडचे. नेरुळच्या एका मुलाचा हलगीवरचा ट्रॅक, अजून बाहेर आलेला नाही, फाइल त्यानेच दिलीय (म्हणजे पहिला नियम इथे वाकवला, पण ट्रॅक यावर्षीचाच आहे). आणि पुण्याच्या एका प्रोड्यूसरचा फुटवर्कच्या (शिकागोचा वेगवान नाचाचा प्रकार) चालीवरचा ट्रॅक, १६० बीपीएम, म्हणजे मिनिटाला १६० ठोके.

१० नोव्हेंबर, रविवार

फाइल तपासणी. कंटाळवाणं काम आहे पण वगळू नका. स्पेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, फाइल त्यात ओढून टाकली की स्पेक्ट्रम दिसतो, म्हणजे किती उंच सुरापर्यंत आवाज भरलाय त्याचं चित्र. चांगली फाइल वर २० किलोहर्ट्झच्या पुढेपर्यंत भरलेली दिसते, खरी ३२० केबीपीएसची एमपीथ्री साधारण २० ला कापलेली दिसते आणि १६ किलोहर्ट्झला सरळ रेष मारल्यासारखी कापलेली दिसली तर ती मुळात १२८ ची आहे, नंतर कुणीतरी मोठ्या फॉरमॅटमध्ये बदललीय. नावात फ्लॅक (दर्जा न घटवणारा फॉरमॅट) लिहिलेलं असलं तरी काही फरक पडत नाही.

माझ्याकडच्या काही फाइल प्रोमोच्या (लेबलांनी आधीच पाठवलेल्या), काही मित्रांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या. गॉडस्पीडची फाइल १६ ला कापलेली निघाली. वर्षभर हीच वाजवत होते. हाय-हॅट (ड्रमची झांज) जरा बोथट का वाटतात याचं उत्तर मिळालं, मी तो मिक्सरचा दोष समजून हाय, म्हणजे वरच्या सुरांचं बटण, वाढवत होते. ज्या ज्या फाइल अशा निघाल्या त्या डिलीट केल्या, लायब्ररीत ठेवल्या की घाईत हात परत त्यांच्यावरच जातो.

१६ नोव्हेंबर, शनिवार

खरेदीला बसले तर कार्ड चाललं नाही. आपल्याकडे २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेचा नियम आला तेव्हापासून नवीन कार्डावर परदेशी व्यवहार बंदच असतात, आपण चालू करायचे. बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये ते बटण असतं, मर्यादा पण तिथेच टाकता येते, मी कमीच टाकली. माझ्या बाबतीत बटण चालू करूनही पैसे जाईनात, कस्टमर केअरला फोन करून दुपार गेली, शेवटी कळलं की ऑनलाइन आणि परदेशी अशी दोन वेगळी बटणं आहेत आणि दोन्ही लागतात.

खर्चाचा हिशोब करताना डॉलरचा भाव गुणिले किंमत एवढंच धरू नका. माझं कार्ड साडेतीन टक्के मार्कअप लावतं, त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण चार टक्क्यांच्या थोडं वर. दीड-दोन डॉलरचा ट्रॅक सव्वाशे ते पावणेदोनशे रुपयांत पडतो. दोन ट्रॅक अल्बममधून हवे असतील तर पूर्ण अल्बमच घ्या, बहुतेक वेळा फार फरक नसतो.

आज हॉलमधल्या टेस्टसाठी लागतील तेवढेच घेतले. बाकीचे ६ डिसेंबरला, त्या दिवशी बँडकॅम्पचा (कलाकार आणि लेबलांकडून थेट संगीत विकत घ्यायची साइट) बँडकॅम्प फ्रायडे आहे. एरवी डिजिटल विक्रीत बँडकॅम्प १५ टक्के ठेवतं, त्या दिवशी ते स्वतःचा वाटा घेत नाही. २०२० मध्ये कोविडच्या वेळी हे सुरू झालं आणि अजून वर्षातून काही शुक्रवारी चालू आहे. छोट्या लेबलला हे पैसे खरंच लागतात, म्हणून थांबणं चालेल.

२३ नोव्हेंबर, शनिवार

आज महापेच्या एमआयडीसीत एका छोट्या हॉलमध्ये टेस्ट करायची होती. विधानसभेचा निकाल, ड्राय डे, हॉलवाल्यांनी बंदच ठेवला. तारीख ठरवताना हे बघायला हवं होतं, २० चं मतदान आणि २३ चा निकाल केव्हाच जाहीर झालेला. टेस्ट ३० ला ढकलली. तुम्ही तारीख घेताना सुट्ट्यांच्या जोडीला ड्राय डे पण बघत जा, हॉल आयत्या वेळी सांगतात.

घरी बसून बीटग्रिड केले, म्हणजे प्रत्येक ट्रॅकच्या ठोक्यांवर सॉफ्टवेअरमध्ये रेघा बसवल्या. सॉफ्टवेअरने १६० चा ट्रॅक ८० धरला, ते होतंच, दुप्पट केलं की झालं. ड्रीमफिअरला ग्रिडच नीट बसेना कारण तो एका दमात चालत नाही, शेवटी ग्रिडचा नाद सोडला आणि जिथे जिथे परत सुरू होतो तिथे हॉट क्यू (बटण दाबलं की तिथूनच वाजतं अशा खुणा) टाकले. ते पुरतं. अशा ट्रॅकला सिंक (दोन ट्रॅकचा वेग आपोआप जुळवणारं बटण) लावायच्या भानगडीत पडू नका, कान लावा.

हलगीचा ट्रॅक मात्र अवघड निघाला. पोराने खरी हलगी रेकॉर्ड केलीय, वाजवणारा काका क्लिक (मेट्रोनोमचा ठोका) न ऐकता वाजवतो, त्यामुळे १२० च्या आजूबाजूला वर-खाली होत राहतं. ग्रिड पहिल्या ठोक्याला बसवला की मिनिटभरात पुढे गेलेला असतो.

२४ नोव्हेंबर, रविवार

नेरुळला गेले, सकाळी ठाण्याहून ट्रान्सहार्बर, गाडी रिकामी होती. मुलाने एबलटन या संगीत बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ प्रोजेक्ट उघडला. पहिल्यांदा आम्ही प्रत्येक ठोका ग्रिडला खिळवला. काम चोख झालं आणि ऐकलं तर हलगी मेली. सगळं सरळ, सगळं जागच्या जागी, आणि अंगात काहीच येईना. काकांचा तिसरा ठोका किंचित उशिरा पडतो आणि सगळी गंमत तिथेच आहे, ते आम्ही दुरुस्तीच्या नावाखाली पुसून टाकलं होतं.

मग दुसरा मार्ग. दर चार बारांनी (बार म्हणजे चार ठोक्यांचं एक आवर्तन) एकच मार्कर, फक्त पहिल्या ठोक्यावर, मधलं सगळं काकांच्या हातावर सोडलं. आता ग्रिड एका तासात सुद्धा घसरत नाही आणि चाल पण जिवंत आहे. चार बार हे या ट्रॅकसाठी, तुमचा वाजवणारा जास्त पळत असेल तर दोन बारांनी टाका. पण प्रत्येक ठोक्याला कधीच नको. लाइव्ह ताल घेऊन काम करणाऱ्यांसाठी या सगळ्या नोंदीत एवढीच गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी असेल.

मुलगा म्हणाला, "ताई, काकांना दाखवू का असं केलेलं?" म्हटलं दाखवच. त्यांनी पहिली आवृत्ती दहा सेकंद ऐकून बंद करायला सांगितली आणि दुसरी पूर्ण ऐकली.

३० नोव्हेंबर, शनिवार

महापे. पत्र्याचं छप्पर, वर दोन स्पीकर, खाली दोन अठरा इंचाचे बेस, माणसं थोडीच, बहुतेक ओळखीची. टेस्टसाठी असंच बरं.

पेनड्राइव्ह लावला आणि प्लेअर तो दाखवेचना. घरचा लॅपटॉप वाचतो पण इथला जुना प्लेअर एक्सफॅट प्रकारे फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह वाचत नाही, त्याला फॅट३२ लागतं. दुसरा पेनड्राइव्ह फॅट३२ होता म्हणून निभावलं. तोही चालला, पण निम्म्या फाइलींवर ई-८३०५ हा एरर, म्हणजे फाइल फॉरमॅट चालत नाही. महिनाभर निवडून, विकत घेऊन, ग्रिड लावून आणलेले ट्रॅक आणि स्क्रीनवर नुसता नंबर. पाऊण तास तिथेच गेला, शेवटी लॅपटॉप उघडून घाईत काही फाइल बदलून घेतल्या.

वाजायला लागल्यावर पुढचं कळलं. एक, की१०३ च्या आधी जो पॅडवाला (लांब पसरलेल्या सुरांचा) ट्रॅक ठेवला होता (नाव लिहीत नाही, ट्रॅक चांगला आहे) त्याचा मुख्य सूरच गायब. हॉलचा सिस्टिम मोनो आहे. त्या ट्रॅकमध्ये सूर डाव्या-उजव्याला उलट फेजमध्ये पसरवलाय, दोन्ही बाजू एकत्र केल्या की एकमेकांना खाऊन टाकतात. हेडफोनवर हेच सगळ्यात सुंदर वाटत होतं. दोन, माग्दामधल्या ट्रॅकला बेस घोंगावत होता, मी लो (बेसचं बटण) कमी करत होते तर ट्रॅकच पातळ व्हायला लागला. साउंडवाला आला, हाताने मला थांबवलं, म्हणाला, "ताई, पत्रा बोलतोय, ट्रॅक नाही. लो सोडा." ग्राफिक इक्वलायझरवर ६३ हर्ट्झची पट्टी तीन-चार डीबी खाली घेतली, एक बेस भिंतीच्या कोपऱ्यातून पुढे ओढला, आणि ट्रॅक एकदम मोकळा झाला. हा माणूस वर्षाचे दहा महिने लग्नं आणि मंडळं करतो, या संगीताचं नाव सुद्धा त्याला माहीत नसेल, पण बेस कुठे अडकतो हे त्याला आमच्यातल्या कुणापेक्षाही जास्त कळतं. आपल्या भागात असे लोक आहेत, त्यांना विचारत जा.

काय चाललं: गॉडस्पीड, आता खऱ्या फाइलवरून. खाली जमिनीतून बेस येतो आणि वर सगळं वळवळत असतं, लोक आधी थांबले आणि मग जोरात सुरू झाले. केरिदाओ कमाल. त्या फंकमध्ये इतकी रिकामी जागा आहे की पत्रा सुद्धा गप्प बसतो. काय नाही चाललं: चिकन गराज लवकर ठेवला, त्याचे तुटक ठोके पकडायला अंग आधी तापलेलं लागतं, त्याला मागे न्यायचा.

१ डिसेंबर, रविवार

कालच्या एररचं कारण. दोन वेगळे प्रश्न निघाले. काही फाइल ९६ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटच्या होत्या, त्या जुन्या प्लेअरला ४८ च्या वर जमत नाही, आणि फ्लॅक तर तो वाचतच नाही. दुसरं जास्त फसवं आहे: २४ बिटच्या काही वेव्ह फाइलींचा हेडर (फाइलच्या सुरुवातीची माहिती) एक्स्टेन्सिबल प्रकारचा असतो, आत ऑडिओ अगदी साधा असतो पण जुना प्लेअर हेडर बघूनच नाही म्हणतो. लॅपटॉपवर ती फाइल व्यवस्थित वाजते, म्हणून शंका सुद्धा येत नाही.

उपाय म्हणून सगळंच्या सगळं १६ बिट, ४४.१, एआयएफएफमध्ये बदललं. वेव्हमध्ये नाव, कलाकार, कव्हर वगैरे टॅग नीट टिकत नाहीत, एआयएफएफमध्ये टिकतात आणि आवाजात काही फरक नाही. मूळ फाइल वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवल्या. दोन पेनड्राइव्ह, दोन्ही फॅट३२, दोन्हीवर तेच सगळं. बदलल्यावर परत अ‍ॅनालाइज करावं लागतं आणि क्यू पॉइंट उडतात, म्हणून हे काम क्यू टाकायच्या आधी करा, मी नंतर केलं आणि रविवार गेला.

मोनोसाठी पण सवय लावून घेतेय: नवीन ट्रॅक घेतला की आधी मोनोत ऐकायचा. तो पॅडवाला ट्रॅक काढून टाकला. वाईट वाटलं.

६ डिसेंबर, शुक्रवार

बँडकॅम्प फ्रायडे पॅसिफिक वेळेप्रमाणे चालतो, म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी दुपारी दीडला सुरू होऊन शनिवारी दुपारी दीडपर्यंत. सकाळी उठून खरेदी केलीत तर त्याचा फायदा लेबलला मिळत नाही. कार्ट आधीच भरून ठेवली होती, दीड वाजून गेल्यावर ऐरोलीच्या ऑफिसात डबा खाता खाता पैसे भरले. या वेळेस कार्ड एका फटक्यात चाललं. पुण्याच्या त्या प्रोड्यूसरने किंमत हवी ती द्या असं ठेवलंय, तिथे जास्त दिले. आपल्या माणसाला फुकटात मागायचं आणि ब्रिस्टलला डॉलर पाठवायचे, हे मला पटत नाही.

८ डिसेंबर, रविवार

क्रम लावला. दिवसभर हेच.

सुरुवात चरणजित सिंग यांच्या १९८२ च्या टेन रागाज टू अ डिस्को बीटमधल्या एका तुकड्याने करायची असं मनात होतं. आपल्या मुंबईतच झालेलं रेकॉर्ड, ८०८ ड्रम मशीन, ३०३ बेस, वर रागांचे सूर, २०१० मध्ये परत बाहेर आल्यावर जगभर लोक चक्रावले. लावून बघितलं. पण ते एवढं ताकदीचं आहे की पुढचा अर्धा तास लोक त्याचाच विचार करत बसतील, आणि हा मिक्स २०२४ चा आहे. काढलं. माग्दाच सुरुवातीला.

मधली मोठी अडचण अशी की यादीतला मोठा भाग १२० ते १४० मध्ये आणि फुटवर्कचा ट्रॅक १६० ला. हळूहळू वाढवत न्यायचं तर अर्धा तास त्यातच जातो, आणि पिच सहा टक्के ढकलला की ट्रॅक जवळपास एक सेमीटोन वर चढतो. की लॉक (वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारं बटण) लावलं तर हलगीचा चर्र आवाज बिघडतो. एकदम कट मारला तर लोक दचकतात.

उत्तर हलगीतच होतं. १२० च्या बारमध्ये सोळा बारीक ठोके असतात. दर तिसऱ्या बारीक ठोक्यावर जोर दिला तर तो जोर बरोबर १६० च्या चालीने पडतो. काकांच्या हातात तो तिसरा ठोका आहेच, मी वर लिहिलं तोच. म्हणजे हलगी १२० ला चालू असताना तिच्या आत १६० आधीच वाजतंय, फक्त कानाला दाखवायचं बाकी आहे.

गणित असं की १२० चे तीन बार म्हणजे सहा सेकंद, १६० चे चार बार म्हणजेही सहा सेकंद. म्हणून दर तीन बारांनी दोन्ही ट्रॅकचे पहिले ठोके एकत्र येतात. चोवीस बार हलगीचे आणि बत्तीस बार फुटवर्कचे, दोन्ही बरोब्बर ४८ सेकंदांत संपतात. सिंक बटण हे करत नाही, ते दोघांना एकाच बीपीएमवर ओढतं, म्हणून सिंक बंद. हलगी नेमकी १२०.००, फुटवर्क नेमका १६०.००, दोघांचे वेगाचे फेडर हलवायचे नाहीत, फक्त सुरुवात हाताने पकडायची. सुरुवात चुकली तर ढकलून जुळवत बसू नका, परत क्यूवर जा आणि पुढच्या तीन बारांची वाट बघा.

संध्याकाळपर्यंत जमत नव्हतं. मी चार बारांनी मोजत होते, वर्षानुवर्षांची सवय, आणि इथे तीन बारांनी मोजायचंय. शेवटी बोटांवर मोजायला लागले तेव्हा बसलं. आधी फुटवर्कचे फक्त हॅट आत घेतले, लो पूर्ण बंद, मग हलगीच्या किकचा लो काढून फुटवर्कचा लो दिला. ज्या क्षणी चाल पलटते तेव्हा वेग वाढल्यासारखं वाटतच नाही, तेच चालू आहे आणि आपण त्याकडे दुसऱ्या बाजूने बघतोय असं वाटतं. अंगावर काटा आला. या मिक्ससाठी दुसरं काही जमलं नसतं तरी हे मला पुरलं असतं.

१४ डिसेंबर, शनिवार

रेकॉर्डिंग. घरी, वर्तकनगर. मॉनिटर स्पीकरचा आवाज कमी, बाकी हेडफोन. रहिवासी भागात रात्री दहानंतरची मर्यादा ४५ डेसिबल आहे, दिवसा ५५, आणि नियम बाजूला ठेवला तरी खालच्या काकूंना पहाटे उठायचं असतं. बेस स्लॅबमधून उतरतो, दार-खिडकी बंद करून थांबत नाही. मी स्पीकरखाली जाड रबराची चटई टाकलीय, थोडा फरक पडतो, पूर्ण नाही. म्हणून दुपारीच रेकॉर्ड करते.

पहिलं रेकॉर्डिंग वाया. मिक्सरवर लाल दिवा लागला नव्हता पण रेकॉर्डरचा इनपुट वर होता, गॉडस्पीडच्या बेसला सगळं कापलं गेलं. कापलेला आवाज नंतर कशानेही परत येत नाही. पीक (आवाजाचं सगळ्यात वरचं टोक) उणे सहा डीबीच्या आसपास ठेवा, आवाज मागाहून वाढवता येतो.

दुसऱ्यात ड्रीमफिअरपाशी अडकले. पूर्ण वाजवला तर तासातला पाव भाग तोच खातो. त्याचे तुकडे करायला मन होत नव्हतं, पण हॉट क्यू वापरून दोन भाग घेतले आणि तो जिथे स्वतःहून थांबतो तिथेच बाहेर पडले. तिथे शांततेत स्की मास्क आत आणला, ग्रिड वगैरे काही नाही. रेकॉर्ड करताना भीती वाटत होती, ऐकताना तो भाग सगळ्यात स्वाभाविक वाटतोय.

२२ डिसेंबर, रविवार

शेवटचं रेकॉर्डिंग. क्रम असा ठरला: माग्दा, लेचुगा साफिरो, हलगी, त्यातून फुटवर्क, तिथून एकदम खाली केरिदाओ (इथे कट मारला, मुद्दाम, १६० नंतर त्या रिकाम्या जागेत पडायला छान वाटतं), फ्लाइट एफएम, गॉडस्पीड, चिकन गराज, ड्रीमफिअर, स्की मास्क, आणि शेवटी की१०३. शेवटचा ट्रॅक शांत असावा असं सगळे सांगतात. मला नाही पटत, की१०३ मध्ये सिंथ वर वर चढत जातात आणि वर्षाचा शेवट मला तसाच हवा होता.

चिकन गराज आत आणताना ठोका किंचित घसरला, ऐकणाऱ्याला कळेल. तेवढ्यासाठी अख्खा तास परत वाजवला नाही, आणि एडिट करून लपवला पण नाही.

२५ डिसेंबर

सुट्टी, मास्टर करायला बसले. आधी मोनोत पूर्ण ऐकला, काही गायब होत नाही. लाउडनेस उणे दहा लफ्सच्या (सरासरी जोर मोजायचं एकक) जवळपास, ट्रू पीक उणे एक डीबी. जास्त जोरात करता आला असता पण केरिदाओमधली रिकामी जागा भरून येत होती, लिमिटर (आवाजाची टोकं दाबणारं साधन) शांत भाग वर ओढतो. ते नको.

मिक्सक्लाउड या मिक्स ऐकायच्या साइटवर टाकला, त्यांचे लेबलांशी लायसन्सचे करार आहेत, दुसऱ्यांचे ट्रॅक असलेल्या लांब मिक्ससाठी तेच बरं. ट्रॅकलिस्टमध्ये प्रत्येकापुढे लेबलचं नाव आणि विकत कुठे मिळतो ते लिहिलं. यात अर्धा दिवस गेला, पण हे केल्याशिवाय मिक्स टाकू नका, ज्यांच्या जिवावर आपण वाजवतो त्यांच्यापर्यंत ऐकणारा पोचला पाहिजे.

खर्च: ट्रॅक आणि अल्बम मिळून साडेचार हजारांच्या घरात, मार्कअप धरून. दोन पेनड्राइव्ह तेराशे. महापेच्या हॉलचे तीन हजार, त्यात साउंडवाला आला. रिक्षा-ट्रेन वेगळं. सॉफ्टवेअर माझ्याकडे होतंच. कुठे वाचवता आलं असतं तर कुठेच नाही, हॉलचे पैसे सगळ्यात सत्कारणी लागले.

२९ डिसेंबर, रविवार

दोघातिघांनी विचारलं की हलगीचा ट्रॅक कुठे मिळेल. अजून बाहेर आलेला नाहीये, म्हणून ट्रॅकलिस्टमध्ये सध्या नाव न टाकता जागा सोडलीय. मुलगा आणि काका दोघांची नावं ट्रॅकवर एकत्र यावीत आणि पैसे अर्धे-अर्धे व्हावेत असं त्यांच्यात ठरतंय, काकांचं बँक खातं जोडायचं बाकी आहे. आला की लिंक टाकेन. चार बारांच्या मार्करवाली आवृत्तीच येणार आहे.